सेशन म्हणजे जॅम नव्हे!

"पबमध्ये आयरिश सेशन होतं, मस्त जॅम केलं यार" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. मंडळी, जॅममध्ये ज्याला जे सुचेल ते तो वाजवतो. सेशनमध्ये दहा जण बसले असतील तर गिटारची साथ सोडून बाकी सगळे एकच धून वाजवतात. फिडल, कॉन्सर्टिना, व्हिसल, सगळे. धून येत असेल तर वाजवा, नाहीतर गप्प बसून ऐका. एवढं साधं आहे, पण नेमकं तेच आपल्याला जमत नाही. मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही तर अप्रेझलमध्ये बोंब, ही हापिसातली सवय तिथेही सोबत येते!

त्यात टिन व्हिसल स्वस्त, सहा भोकं, जेमतेम दोन सप्तकं. म्हणजे पोरांचं खेळणं, असा समज. रॉबर्ट क्लार्कने १८४३ साली इंग्लंडमध्ये ती बनवायला घेतली, तेव्हापासून ती स्वस्तच आहे. पण तिला आवाज लहानमोठा करायची सोय जवळजवळ नाहीच. जोरात फुंकलं की स्वर वरच्या सप्तकात उडी मारतो. म्हणून सगळी करामत बोटांची आणि श्वासाची. 'कट' म्हणजे बोट क्षणभर उचलून दिलेला झटका, तो वेगळा स्वर म्हणून ऐकू येताच कामा नये. मेरी बर्गिनचा १९७९ चा अल्बम ऐका म्हणजे कळेल. आणि वरच्या सप्तकातली चुकीची व्हिसल पाच फिडलींच्या मधूनही आरपार ऐकू येते. लपायला जागाच नाही.

"पण संगीत सगळ्यांचं ना, मग हे सोवळं कशाला?" अहो, सोवळं कसलं? तिकीट नाही, स्टेज नाही, ऑडिशन नाही. बहुतेक धुना बत्तीस मात्राखंडांच्या. आठाचा पहिला भाग दोनदा, आठाचा दुसरा दोनदा, असं दोन-तीन वेळा, की लगेच पुढची धून. हे ठरलेलं आहे म्हणूनच जुलैमध्ये मिल्टाउन मालबेला विली क्लॅन्सी वीकमध्ये (१९७३ पासून भरतोय) कुठूनही आलेला माणूस अनोळखी लोकांत बसून पहिल्या मिनिटापासून वाजवू शकतो. प्रत्येकाने आपापलं घुसडलं तर हे संपलंच.

आणि पबमधलं सेशन रुजलं कुठे? दुसऱ्या महायुद्धानंतर, मुख्यतः लंडनमधल्या आयरिश लोकांत. दिवसभर बांधकामावर राबायचं आणि रात्री गावाकडची धून, गावाकडे वाजते तशी. आपल्या ऑनसाइटवाल्या जनतेला हे वेगळं समजवायला नको. त्या धुनेत "थोडं फ्युजन करूया" म्हणून बासरीच्या ताना टाकणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार.

तेव्हा, पुढच्या वेळी व्हिसल खिशातच राहू द्या. एक पाइंट घ्या, पाच-सहा आठवडे नुसतं ऐका, रेकॉर्ड करायचं तर आधी विचारा. घरी एक जिग पक्की करा, मग खुर्ची ओढा. जागा देतात लोक. फक्त ते बाउरान, म्हणजे डफासारखं वाद्य, शिकल्याशिवाय आणू नका राव :)