८,३७० कोटी आणायचे कुठून?

ॲमिनिटी स्पेस भाड्याने द्यायचा प्रस्ताव वाचला आणि पालिकेची अंदाजपत्रकं पुन्हा काढून बसलो. पुणेकरांनो, दोन वर्षांचे आकडे जरा शेजारी शेजारी ठेवून बघा.

२०२०-२१ साठी आयुक्तांनी ६,२२९ कोटी मांडले, स्थायी समितीने ते ७,३९० कोटींवर नेले. महिनाभरात लॉकडाऊन लागला, म्हणून ते एक वेळ माफ. पण २०२१-२२ चं काय? वर्षभर दुकानं कधी बंद, कधी चालू. बांधकाम परवानग्या थंडावलेल्या. राज्य सरकारने तर ४ मे २०२० लाच विकासकामांचा खर्च ३३ टक्क्यांवर आणला होता. आणि आमचे आयुक्त म्हणतात ७,६५० कोटी, स्थायी समिती त्यावर आणखी ७२० कोटी चढवून ८,३७०! मंदीत कुठलंही घर किराण्याची यादी लहान करतं. आपल्या पालिकेने ती ९८० कोटींनी लांबवली.

"आकडा मोठा ठेवला की अधिकारी वसुलीला लागतात," असं समर्थन ऐकू येतं. बरं. मग मिळकतकराच्या थकबाकीवरच्या शास्तीत ८० टक्के सूट का द्यावी लागली? दरमहा २ टक्के शास्ती नको म्हणून पोटाला चिमटा काढून वेळेवर कर भरणारा पेन्शनर मूर्ख, आणि ५० लाखांपर्यंत थकवणारा शहाणा!

फुगवलेला आकडा नुसता कागदावर राहत नाही, हे खरं दुखणं आहे. त्याच्या भरवशावर कामं धरली जातात. 'स' यादीत पेव्हर ब्लॉक, कमानी, बाकडी बसतात, निविदा निघतात. पैसे येतात कमी. मग सुरू होतं वर्गीकरण, म्हणजे या कामाचे उचलून त्या कामाला. उचलले कुणाचे जातात? ज्याच्यामागे कुणी उभं नाही त्याचे.

आपल्या स्वारगेटचंच बघा. पीएमपीचं मुख्यालय इथंच. तिच्या तुटीतला ६० टक्के वाटा पुण्याचा, ४० पिंपरी-चिंचवडचा. लॉकडाऊनमध्ये बस डेपोत उभ्या, तिकिटाचा गल्ला रिकामा, पगार मात्र द्यायचेच. जुलै २०२१ मध्ये १० रुपयांत दिवसभर फिरवणारी 'पुण्यदशम' आणली. चांगलंच केलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिची तूट कशातून भरणार, ते कोण सांगणार? कात्रज-हडपसरहून कामाला येणाऱ्या धुणीभांडीवाल्या मावशींना पालिकेच्या खर्चातून रोज दिसतं ते एवढंच, ही बस.

२०२१ मध्ये खड्डा भरायला जमिनी काढल्या. शाळा, दवाखाना, उद्यानासाठी मोठ्या गृहप्रकल्पांतून पालिकेला मिळालेल्या दोनशेहून जास्त जागा, आणि त्या दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने. घरातली भांडी मोडून महिन्याचा किराणा भरायचा! एप्रिलमध्ये बेडसाठी या शहरात लोक रात्र रात्र वणवण फिरले. त्याच वर्षी दवाखान्याच्या जागा भाड्याने? शिवाय २०२१ मध्येच २३ गावं आत घेतली, त्यांना काय देणार?

जमा कमी पडली तर वर्षाच्या मध्येच जमा-खर्च नव्याने जुळवायची सोय महापालिका कायद्यात आहे. ती वापरा. एप्रिलपासून खरोखर किती जमा झाले ते खातेनिहाय लोकांसमोर टाका, आणि तोवर 'स' यादीला हात लावू नका.

फेब्रुवारी २०२२ मध्ये निवडणूक धरून इच्छुकांचे फ्लेक्स लागायला लागले होते. दारात येईल त्याला चहा पाजा आणि एवढंच विचारा: साहेब, ८,३७० पैकी आले किती?