जुन्या टेम्पोचा सौदा

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजारात उतरलेला भाजीपाला दुकानोदुकानी पोचतो तो लहान टेम्पोंनी. नवा टेम्पो ज्यास परवडत नाही तो जुन्याच्या शोधात निघतो. 22 सप्टेंबर 2025 पासून डिझेल-पेट्रोलच्या मालवाहू वाहनांवरील वस्तू व सेवा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला. नव्याची किंमत उतरली, तेव्हा जुन्याचीही उतरावी, हा ग्राहकाचा आग्रह रास्तच होय.

परंतु भाव पाडून घेणे म्हणजे सौदा साधणे नव्हे. इंजिन पारखणारी नजर कागदपत्रांकडे क्वचितच वळते. नोंदणीवर कर्जाचा बोजा आहे काय, कर व दंड थकले आहेत काय, हे आधी पाहावयास हवे. आठ वर्षांवरील मालवाहू वाहनाची योग्यता तपासणी दरवर्षी करावी लागते. तो खर्चही किमतीत धरला पाहिजे.

विकणाराही निर्धास्त नसतो. पैसे मिळाले, किल्ली दिली, की आपला संबंध संपला, असे तो समजतो. सर्वोच्च न्यायालयाने मात्र 2018 साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात निराळा निर्वाळा दिला. वाहन अनेक हातांतून गेले होते. तरीही नोंदणीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच ठरली. म्हणूनच कायद्याने मालकीबदल कळविण्यास खरेदीदाराला दिलेली 30 दिवसांची मुदत ही केवळ औपचारिकता नव्हे. परिवहन कार्यालयात नाव बदलेपर्यंत कोणताही सौदा स्वस्त म्हणता येणार नाही.