नऊवारीवर बोलणाऱ्यांना

पाडवा जवळ आला की नऊवारीवर दोन्हीकडून मारा सुरू होतो. एका बाजूचं म्हणणं असं, की ज्या वस्त्रात बायकांच्या पिढ्या माजघरात कोंडल्या गेल्या तेच नेसून, वर गॉगल चढवून बुलेटवर मिरवायचं, यात कसला आलाय अभिमान? दुसरी बाजू म्हणते, मिरवा, पण नीट नेसून मिरवा. शिवलेली नऊवारी पायात चढवणं म्हणजे परंपरेची थट्टा. या दोघांच्या मधे एक शहाणा बसलेला असतो. त्याच्या मते ही सगळी गतकाळाची हौस आहे, चार दिवसांत ओसरेल. हे तो दर पाडव्याला म्हणतो.

आधी परंपरावाल्यांकडे वळू, कारण आवाज त्यांचा मोठा. २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’ आला तेव्हा ‘पिंगा’ गाण्यातल्या नऊवारीवरून केवढा गदारोळ झाला! काशीबाई अशी नाचेल का, असं लुगडं नेसेल का? नाचण्याबद्दलचा आक्षेप मला पटतो. लुगड्याबद्दल मात्र विचारावंसं वाटतं, की ‘अस्सल’ पेशवाई नऊवारी म्हणून जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं ते आलं कुठून? पेशवाईत कॅमेरा नव्हता. ते चित्र बरंचसं आलं राजा रविवर्म्याकडून. त्याने पुराणातल्या नायिकांना मराठी पद्धतीची लुगडी नेसवली आणि १८९४ पासून मुंबईत, पुढे मळवलीला छापखाना चालवून तसबिरी घरोघरी पोचवल्या. त्याहून जास्त आलं बालगंधर्वांकडून. ‘मानापमाना’तली भामिनी नि ‘स्वयंवरा’तली रुक्मिणी बघायला पुण्या-मुंबईच्या बायका जायच्या त्या पदांसाठी तर खऱ्याच, पण शालू कोणता, पदर कसा घेतलाय, नथ कुठल्या घाटाची, हे बघायलाही. आणि घरी येऊन तसंच नेसायच्या. म्हणजे खानदानी मराठी बाईने कसं दिसावं हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बऱ्याच अंशी एका पुरुषाने रंगमंचावर ठरवलं, आणि बायकांनी ते हौसेने उचललं. त्यात वावगं काही नाही. वावगं आहे ते त्या फॅशनला शंभर वर्षं झाली म्हणून तिला सनातन म्हणणं आणि आजच्या मुलीच्या फॅशनला भ्रष्ट ठरवणं.

शिवाय याच मंडळींच्या पणज्यांनी कासोटा सोडून सहावारी गोल पातळ धरलं, तेव्हा त्यांनीही घरातल्या वडीलधाऱ्यांचे बोल खाल्लेच होते. पूजेला, सोवळ्यात कासोटाच हवा, गोल नेसलेली चालायची नाही. आज तीच गोल साडी ‘सोज्वळ’ म्हणून सुनेला सुचवली जाते.

आता दुसरा पक्ष. याच्याशी भांडणं अवघड, कारण त्याचं निम्मं म्हणणं खरं आहे. लुगड्यावरून बाई कोण ते कळायचं, आणि कळावं अशीच व्यवस्था होती. केशवपन केलेल्या विधवेच्या अंगावर तांबडं आलवण यायचं ते तिला विचारून नव्हे. घोट्यापर्यंत कोणी नेसायचं आणि गुडघ्यापर्यंत कोणी, हे जातीने ठरवून दिलेलं. म्हणून तर डिसेंबर १९२७ मध्ये महाडला, मनुस्मृती जाळल्यानंतर दोन दिवसांनी, डॉ. आंबेडकर बायकांपुढे बोलायला उभे राहिले तेव्हा ते लुगड्यावर बोलले. नेसण्याची ही पद्धत अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका, वरच्या जातींच्या बायका नेसतात तसं नेसा, अंगावरचे ते ओळख सांगणारे दागिनेही उतरवा, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी लगोलग लुगडी घोट्यापर्यंत खाली आणली.

पण नीट पाहिलं तर या पक्षाचं उत्तरही महाडलाच मिळतं. त्या बायकांनी लुगडं फेकून दिलं नाही. कापड तेच राहिलं. नेसणं बदललं आणि अर्थ उलटला. गुलामी सुतात विणलेली असती तर अशी एका रात्रीत उतरली नसती. आजीची पैठणी नेसणाऱ्या नातीला आजीचं आयुष्यही हवं आहे असं गृहीत धरणारे नातीला ओळखत नाहीत, आणि आजीलाही नाही. घर नवऱ्याच्या नावावर, शेत दिराच्या. ट्रंकेतली पैठणी मात्र तिची स्वतःची होती. ती नातीने मागून घेतली तर त्यात जाच कुठला नि कुणाचा?

मग ही ओढ कसली? माझं उत्तर साधं आहे. हे कपडे चांगले बनवलेले होते. नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास, कुठेही न कापलेलं कापड. त्याला माप नसतं. कमरेला गाठ, पुढे निऱ्या, मधला भाग मागे नेऊन खोचला की कासोटा. नाडी नको, पिन नको, परकर नको. सोळाव्या वर्षी, सातव्या महिन्यात आणि सत्तरीतही तेच बसतं. भाताच्या लावणीला चिखलात उतरलेली बाई ते वर खोचते, ससून डॉकवरची कोळीण तिच्या पद्धतीने आवळून नेसते, फडावरची नाचणारी त्याच कासोट्यावर गिरक्या घेते. बायकांना कोंडायला हे वस्त्र निघालं म्हणणाऱ्यांनी यांतलं एकेक काम पेन्सिल स्कर्ट घालून करून पाहावं.

विणकाम तर बघण्यासारखं. इरकलीच्या पदराचा ताणा अंगापेक्षा वेगळा, रेशमी, आणि तो अंगाच्या ताण्याला फास घालून जोडलेला असतो. पैठणीच्या पदरावरचा मोर यंत्र काढत नाही. विणकर ताण्याचे धागे मोजून वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या कांड्या गुंफत जातो. म्हणून पदर उलटा केला तरी मोर जवळपास तसाच दिसतो. येवल्याला गेलात तर किंमत विचारण्याआधी पदर उलटून बघा. यंत्रावरच्या ‘सेमी’ पैठणीच्या पाठीवर कापलेल्या धाग्यांची दाटी असते, हातमागाची पाठ स्वच्छ. (हे पाहताना दुकानदाराच्या चेहऱ्याकडेही एक डोळा ठेवावा, बरंच कळतं.)

आणि टिकणं. लुगडं मध्ये विरलं की तेवढा भाग काढून दोन धडके तुकडे जोडायचे, म्हणजे दंड घालायचा. आणखी विरलं की मुलीला परकर, बाळाला दुपटी-टोपडी, शेवटी गोधडी. काठ चांगला राहिला असेल तर उसवून दुसऱ्या अंगाला. जरीचं लुगडं अगदीच गेलं तर जर वजनावर विकली जायची, कारण तिच्यात चांदी होती. आता बहुतेक साड्यांवरची जर विकायला काढली तर कोणी हात लावणार नाही. आता त्या मधल्या शहाण्याला विचारतो, पाच धुण्यांत शिवण तिरकी होणारा टॉप बाजूला ठेवून आईची जुनी इरकल उचलणारी मुलगी हळवी आहे, की हिशोबी? ही हौस ओसरत नाही याचं त्याला नवल वाटतं, कारण कापडाला हात लावून बघायचं त्याला कधी सुचलेलंच नाही. हां, खणाचा चौकोन पर्सवर चिकटवून त्याला ‘व्हिंटेज’ म्हणणारे आणि दाम चौपट लावणारेही या ओढीवर जगतात. त्यांचं समर्थन मी करत नाही.

शिवलेल्या नऊवारीबद्दल माझीही तक्रार आहे, पण ती परंपरेची नाही. ती माप आणते. एल, एक्सएल. ज्या वस्त्राचा सगळा जोर न कापण्यात होता त्याला कात्री लावून त्याचा चोळणा शिवला की ते बाळंतपणानंतर होत नाही, दंड घालता येत नाही, बहिणीला देता येत नाही. तरी ढोलपथकात पोचायला पहाटेची लोकल पकडणाऱ्या मुलीला कोणी टोमणे मारू नयेत. तिला नेसायला शिकवलं कोणी? मधल्या पिढीनेच ते सोडलं होतं. शिकणं एका दुपारचं काम आहे, शिकवणारी मावशी मात्र हवी.

सोलापूर, कोल्हापूर, बेळगावच्या जुन्या पेठांत सुती नऊवारी अजून मिळते, पण दुकानदार ती ठेवतात म्हाताऱ्या गिऱ्हाइकांसाठी. तरुण मुलीने मागितली की पहिला प्रश्न येतो, ‘गॅदरिंगला का?’ नऊ वारांचा ताणा या म्हाताऱ्यांच्या भरवशावर लागतो आहे, आणि त्या वर्षागणिक कमी होताहेत. परंपरावाल्यांनी पुढचा निषेध लिहिण्याआधी लेकीला एक सुती नऊवारी घेऊन द्यावी. दुसऱ्या पक्षाने स्वतःसाठी घ्यावी आणि वाटेल तशी नेसावी. घेताना काठाचा रंग पक्का आहे ना, तेवढं विचारून घ्या. लाल काठ पहिल्याच धुण्याला अंगात उतरतो.