लाईट आली, पण लाईनमन उतरला का?

रामदासपेठेत संध्याकाळी लाईट गेली की तुम्ही काय करता? हॉस्टेलच्या ग्रुपवर मेसेज, मग १९१२ ला फोन. दहाव्या मिनिटाला आवाज चढतो, ‘एवढा वेळ काय लागते हो?’ परीक्षा तोंडावर आणि नागपूरचा मे महिना, चिडचिड होणारच. पण हा वेळ जातो कुठे, ते एकदा समजून घ्या.

११ केव्हीच्या लाईनला हात लावण्याआधी लाईनमनने उपकेंद्रातून परमिट घ्यायचं असतं. म्हणजे तिकडून लाईन बंद करायची आणि परमिट परत येईपर्यंत कोणीही ती सुरू करायची नाही. मग लाईन खरंच बंद आहे का ते तपासायचं, कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचं आणि मगच काम. यातली एक पायरी गाळली, फोनवरच ‘बंद केली, चढ’ म्हटलं, की पाच-दहा मिनिटं वाचतात. जीव जातो तो याच वाचवलेल्या मिनिटांत. तुमची घाई साहेबाच्या फोनमधून खांबापर्यंत पोहोचते, हे विसरू नका.

बरं, उपकेंद्रातून लाईन बंद असली तरी करंट तुमच्या बिल्डिंगमधून येऊ शकतो! रामदासपेठेत दवाखाने, क्लासेस, हॉस्टेल्स, जनरेटर जागोजागी. तो चेंजओव्हर स्विचशिवाय जोडला असेल तर वीज उलटी लाईनमध्ये जाते. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर उलट्या बाजूने ते चढवतोही. म्हणून तर अर्थिंग लागतं.

आणि शॉक लागून माणूस वाचला, तर? बाहेरून हातावर लहानसा काळा डाग दिसतो, आत स्नायू भाजलेले असतात. त्यातून रक्तात मिसळणारी द्रव्यं किडनी बंद पाडू शकतात. कधी हात कापावा लागतो. त्यामुळे शॉक लागलेला माणूस बोलत-चालत असला तरी त्याला दवाखान्यात न्यायचंच.

खरी लढाई डिस्चार्जनंतर सुरू होते. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही; त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं, असं २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. पण त्याच खांबावर कंत्राटदाराचा पोरगा चढला असेल तर? कामावरच्या इजेची भरपाई कायद्यात १९२३ पासून आहे, नोकरीची हमी मात्र त्याला नाही. आयटीआय करून आलेला, तुमच्याच वयाचा हा पोरगा एका हाताने पुढची चाळीस वर्षं काय करणार? धोका सारखा असेल तर संरक्षणही सारखंच हवं. उपकेंद्रात, तक्रार केंद्रात बसून करायची कामं आहेत. त्यांवर पहिला हक्क अशा जखमींचा असावा.

४ मार्चला लाईनमन दिवस असतो. स्टेटस जरूर ठेवा. पण त्याआधी, आजच, वॉर्डनला किंवा घरमालकाला विचारा, ‘आपल्या जनरेटरला चेंजओव्हर आहे का?’ नसेल तर लायसन असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यायला लावा. आणि पुढच्या वेळी लाईट गेली की तक्रार नक्की करा, फक्त त्याला त्याची दहा मिनिटं द्या.