'मान्य' म्हणण्याआधी

बालमित्रांनो, आज आमच्या ब्राह्मणपुरीच्या शाळेतली एक गोष्ट सांगतो. चौथीच्या मुलांनी संगणकावर दिवाळीची शुभेच्छापत्रं रंगवली. कुणी आकाशकंदील काढला, कुणी पणत्या, एकानं तर चक्क पपईची बाग! चित्रांचा तो प्रोग्राम मीच इंटरनेटवरून उतरवला होता. बसवताना इंग्रजीत लांबलचक मजकूर आला. मी न वाचताच 'मान्य' दाबलं.

तीस दिवस झाले आणि प्रोग्राम बंद! पैसे भरा, मगच उघडेल. चित्रं दुसऱ्या कशातच उघडेनात.

"गुरुजी, आमची चित्रं गेली?" एका मुलीनं विचारलं. मला काही बोलता येईना. अट त्या मजकुरात होती. चूक माझीच. पण मनात आलं, हेच आधी दोन ओळींत सांगितलं असतं तर?

लिनक्सच्या संगणकात 'पॅकेज मॅनेजर' असतो. तो वाण्यासारखा! नाव सांगा, हवा तो प्रोग्राम आणून बसवून देतो. डेबियन नावाच्या लिनक्सच्या मंडळींनी १९९७ साली जाहीर वचन दिलं, की आमची मुख्य मांडणी मोकळ्या प्रोग्रामांचीच राहील. मोकळा म्हणजे कसा? वापरा, आतून पाहा, बदला, मित्रालाही प्रत द्या. अटींनी बांधलेले प्रोग्राम 'नॉन-फ्री' या वेगळ्या कप्प्यात.

फुकट आणि मोकळा एकच नव्हे हं! शेजाऱ्याची सायकल फुकट चालवायला मिळाली, म्हणून ती आपली होते का?

कप्पे वेगळे केले, हे छानच. पण एकदा तो कप्पा चालू केला, की त्यातला प्रोग्राम मागवताना "हा बांधलेला आहे बरं का" असं डेबियनचा वाणी दर वेळी बजावत नाही. खरी गरज तर तेव्हाच असते!

सूचना कशी हवी? आधी हवी, आपल्या भाषेत हवी, थोडक्यात हवी. "हा ३० दिवसच चालेल. प्रत दुसऱ्याला देता येणार नाही. याच कामाचा मोकळा प्रोग्रामही आहे. तरी बसवायचा?" बस्स, एवढंच! मनाई नको. कधी कधी वायफाय चालण्यासाठीही बांधलेला प्रोग्राम लागतो. निर्णय आपला, पण समजून घेतलेला. आणि ऊठसूट सूचना नकोत, नाहीतर 'लांडगा आला रे'सारखं होईल. मग कुणीच वाचणार नाही.

आता आमची मुलं 'टक्स पेंट'वर चित्रं काढतात. तो मोकळा आहे, आणि त्यातली चित्रं इतर प्रोग्रामांतही उघडतात. जुनी चित्रं मात्र परत मिळाली नाहीत.

तेव्हा दोस्तांनो, 'मान्य' दाबण्याआधी घरच्यांना जवळ बोलवा आणि तीन प्रश्न विचारा : किती दिवस चालेल? मित्राला देता येईल का? माझं काम दुसरीकडे उघडेल का? उत्तर मिळेपर्यंत बोट जरा थांबवायचं. थांबवाल ना?