‘घरगुती’ या विशेषणाविरुद्ध

मराठीत खाद्यलेखन वाढले आणि त्याबरोबर एक विशेषणही माजले: घरगुती. रस्त्यालगतची कोणतीही लहान खानावळ असो, लेखकाला तिथे आईच्या हातची चव सापडते, मालकीणबाई ‘अन्नपूर्णा’ ठरतात आणि लेख संपतो. महाडहून रायगडाकडे जाताना नाते लागते. चिंतामणराव देशमुखांचे हे जन्मगाव; पण गडावर निघालेल्यांना त्याचे काय, त्यांना भूक लागलेली असते. या वाटेवरच्या पिठले-भाकरीविषयी जे लिहिले जाते ते वाचून आमचे मत असे झाले आहे की, हे विशेषण म्हणजे विचार टाळण्याची सोय आहे.

घर म्हणजे काय, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला तरी सांगावे लागू नये. ज्या घराच्या चवीचे गोडवे आपण गातो, त्याच घरात सोवळेओवळे होते, पंक्तिभेद होता, काही माणसांसाठी वेगळी ठेवलेली कपबशी होती. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हकिकती आपल्या आत्मचरित्रांत आहेत; दलित आत्मकथनांत त्याच घरांच्या उंबऱ्याबाहेर टाकलेले शिळे तुकडे आहेत. दोन्ही प्रकारची पुस्तके एकाच अभ्यासक्रमात शिकवून पुन्हा हा शब्द निरागसपणे कसा वापरता येतो, हे कोडे आम्हाला उलगडत नाही.

आणि वापरायचा तो कुठे, तर महाड तालुक्यात! २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले, हे सर्वांना पाठ असते. त्यानंतर काय झाले ते पाठ नसते. वीरेश्वराच्या मंदिरात अस्पृश्य शिरणार, अशी अफवा उठली आणि परिषदेच्या मंडपात जेवत असलेल्या प्रतिनिधींवर जमाव चालून गेला. माणसांना मारहाण झाली, शिजवलेले अन्न मातीत तुडवले गेले. उघड्यावर, एकत्र बसून जेवणे ही गोष्ट या गावात किती महाग पडली होती! रामचंद्र बाबाजी मोरे यांच्या आठवणींत महाडच्या बाजारातील एका चहाच्या दुकानाची हकीकत येते. बाजाराला आलेल्या अस्पृश्यांना जिथे पाणी मिळत नव्हते, तिथे ते दुकान त्यांच्या बसण्या-बोलण्याची जागा झाले. त्या चहाला कोणी घरगुती म्हणेल काय?

खानावळीचा मोठेपणा ती घर नसण्यात आहे. पैसे द्यावेत, ताट मागावे, शेजारच्या अनोळखी माणसाकडे मिठाची वाटी सरकवावी. आडनाव सांगावे लागत नाही, कुणाचे कोण हे कोणी विचारत नाही. हे सर्वत्र आणि सदैव घडते असा आमचा दावा नाही. पाट्यांवरचे ‘शुद्ध’ हे अक्षर कुणाला उद्देशून असते ते आम्हालाही कळते. पण जिथे ते घडते, तिथे लेखकाने येऊन ‘अगदी घरच्यासारखे’ म्हणावे, म्हणजे त्या जागेने कष्टाने मिळवलेला एकमेव गुण पुसून टाकावा.

कोणी म्हणेल, शब्दाचा एवढा कीस कशाला? घरगुती म्हणजे तेल कमी, मसाला ताजा, इतकेच. मग तेवढेच लिहावे. हा भाताचा मुलूख आहे. इथली भाकरी तांदळाची, पीठ उकळत्या पाण्यात उकडून घेतलेली, आणि पिठले कुळथाचेही असते. ज्वारीची भाकरी व हरभऱ्याच्या डाळीचे पिठले मागणारा पाहुणा देशावरचे ताट कोकणात मागतो आणि मिळाले की त्याला अस्सल म्हणतो. असो.

आमचा खरा राग निराळा आहे. घरच्या माणसाला मजुरी मागता येत नाही. स्वयंपाक करणारीला आई म्हटले की तिच्या श्रमाचे माया होते आणि मायेला दर नसतो. मग वीस रुपयांवरून घासाघीस करायला आपण मोकळे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून गेलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात बुडालेल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते त्यांना संघटित करून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी. तिथे ‘अन्नपूर्णा’ या शब्दामागे हिशेबाची वही होती. आमच्या खाद्यलेखकांनी वही टाकून देवी तेवढी उचलली.

डिसेंबर २०२४ मध्ये मलेशियाची न्याहारी युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. नारळाच्या दुधात शिजवलेला नासी लमाक आणि दक्षिण भारतीय स्थलांतरितांबरोबर गेलेली रोटी चनाई तिथे शेजारी शेजारी आहेत. हलाल-हरामच्या रेषा तिथेही आहेत, तो काही स्वर्ग नव्हे. पण त्या देशाने वारसा म्हणून नोंदवले ते अनेक वंशांच्या समाजाचे एकत्र खाणे. हे करताना त्याला कुणाची आजी आठवावी लागली नाही.

पुढच्या जूनमध्ये राज्याभिषेकदिनाला गडावर गर्दी होईल, उतरल्यावर लोक जेवतील आणि लेख येतील. त्यांपैकी एखाद्यात भाकरी करणाऱ्या बाईंनी तांदूळ कुठून आणला, पहाटे किती वाजता चूल पेटवली, त्या दिवशी किती भाकऱ्या थापल्या आणि ताटाचे किती घेतले, एवढे जरी आले, तरी आम्ही तो वर्गात वाचून दाखवू.