जुनं पेडल भंगारात?

बालमित्रांनो, परवा वर्गात एकाने विचारलं, "बाई, काकांचं गिटारचं इफेक्ट पेडल फार खरखरतंय. जुनं झालं म्हणून भंगारात देणार आहेत. देऊ दे का?"

थांब रे बाबा! लंडनमध्ये १९६६ साली निघालेली काही 'फझ फेस' पेडलं आजही वाजतात. ट्रान्झिस्टर, रेझिस्टर सहसा वर्षानुवर्षं टिकतात. मात्र इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला द्रव हळूहळू सुकतो. मग गुणगुण वाढते, खर्ज हरवतो. आत विसरलेला सेल गळला, तर पत्र्या गंजतात. आणि खरखर? ती बहुतेक वेळा फिरत्या बटणाखालच्या धुळीची!

म्हणजे म्हातारा होतो एखादा भाग, अख्खं पेडल नव्हे. काकांनी जाणकाराकडून ते साफ करून घेतलं. आता त्यांची गिटार पुन्हा वाजतेय. तुमच्या माळ्यावर काय काय पडलंय, बघा बरं!